दोन्ही घरचा पाहुणा : जर्मनीतील स्थलांतरित कामगारांच्या मुलांचे शिक्षण

१० सप्टेंबर १९६४ रोजी पश्चिम जर्मनीतील कोलोन शहराच्या डॉइत्झ स्थानकात स्पेन आणि पोर्तुगालमधील कामगारांना घेऊन एक रेल्वेगाडी येऊन थांबली. फलाटावर वाद्यवृंद सज्ज होता. वार्ताहर आणि छायाचित्रकार जमले होते. ध्वनिक्षेपकावरून एका नावाचा पुकारा झाला : आर्मांदो रोद्रिगेस. अडतीस वर्षांचा हा पोर्तुगीज सुतार आपले नाव ऐकून धास्तावला. आपली रवानगी परत मायदेशी होणार, असे त्याला वाटल्याचे सांगतात. प्रत्यक्षात त्याला फुले मिळाली आणि एक नवीकोरी मोपेड मिळाली. तो पश्चिम जर्मनीत आलेला दहा लाखावा ‘पाहुणा कामगार’ ठरला होता. मोपेडवर बसलेल्या, काहीशा गोंधळलेल्या रोद्रिगेसचे ते छायाचित्र जर्मनीत सर्वतोमुखी झाले आणि ती मोपेड आज बॉनच्या इतिहास-संग्रहालयात आहे.

त्या छायाचित्रात त्याची पत्नी आणि दोन मुले नाहीत. ती पोर्तुगालमध्येच राहिली होती. जर्मन शासनाच्या आणि कारखानदारांच्या मनातील पाहुण्या कामगाराचे चित्र असेच होते : धडधाकट, एकटा, हातात एक पेटी घेऊन आलेला आणि काम संपताच ती पेटी उचलून परत जाणारा. त्याला मुले असतील, ती एक दिवस त्याच्या पाठोपाठ येतील आणि त्यांना शाळेत बाक लागेल, ही गोष्ट या चित्रात कोठेच नव्हती. मुले मात्र आली. त्यांना कोणत्या भाषेत शिकवावे, किती काळासाठी शिकवावे आणि मुळात कोणत्या देशासाठी शिकवावे, या प्रश्नांची उत्तरे शोधण्यात जर्मनीची साठ वर्षे गेली. परभाषिक प्रदेशात मातृभाषेची शाळा चालविणाऱ्या आणि त्या शाळेत आपली मुले घालणाऱ्या समाजाला ही साठ वर्षे अनोळखी वाटणार नाहीत.

करार आणि त्यातील गृहीत

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीचे उद्योग झपाट्याने उभे राहिले आणि त्यांना माणसे अपुरी पडू लागली. २० डिसेंबर १९५५ रोजी इटलीशी कामगारभरतीचा पहिला करार झाला. १९६० मध्ये स्पेन आणि ग्रीस यांच्याशी करार झाले. ऑगस्ट १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली आणि पूर्वेकडून येणारा श्रमिकांचा ओघ एकाएकी आटला. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला तुर्कस्तानशी करार झाला. पुढे मोरोक्को, पोर्तुगाल, ट्युनिशिया आणि १९६८ मध्ये युगोस्लाव्हिया, अशी ही यादी वाढत गेली.

या करारांमागे ‘आलटूनपालटून’ हे तत्त्व होते. कामगाराने यावे, काही काळ राबावे आणि परतावे. त्याच्या जागी नवा यावा. तुर्कस्तानशी झालेल्या मूळ करारात तर वास्तव्याची मर्यादा दोन वर्षांची होती. ती पाळली जाण्याची शक्यता पहिल्यापासूनच कमी होती. यंत्रावर हात बसलेला कामगार दोन वर्षांनी घालवून नव्याला पुन्हा पहिल्यापासून शिकविणे कारखानदारांना परवडणारे नव्हते. कामगारालाही ठरविलेली पुंजी दोन वर्षांत साठविता येत नव्हती. १९६४ मध्ये ती अट काढून टाकण्यात आली. ‘पाहुणा’ हा शब्द मात्र तसाच राहिला. १९५५ ते १९७३ या काळात सुमारे एक कोटी चाळीस लाख कामगार पश्चिम जर्मनीत आले आणि त्यांपैकी सुमारे एक कोटी दहा लाख परत गेले, असा हिशेब मांडला जातो. परत जाणाऱ्यांची संख्या एवढी मोठी असल्यामुळे, उरलेले तीस लाख आता पाहुणे राहिलेले नाहीत, हे मान्य करणे शासनाला दीर्घकाळ टाळता आले.

पहिले ठराव

जर्मनीत शिक्षण हा घटकराज्यांचा विषय आहे. सर्व राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांची एक स्थायी परिषद असते आणि तिचे ठराव राज्यांना दिशा देतात. या परिषदेने परदेशी मुलांच्या शिक्षणाविषयीचा पहिला ठराव मे १९६४ मध्ये, म्हणजे रोद्रिगेसच्या आगमनाच्या चारच महिने आधी केला. सक्तीचे शालेय शिक्षण परदेशी मुलांनाही लागू व्हावे, त्यांना जर्मन भाषा शिकण्यास साहाय्य मिळावे आणि त्यांच्या मातृभाषेच्या अध्यापनास उत्तेजन द्यावे, अशी त्याची दिशा होती. तोपर्यंत अनेक ठिकाणी परदेशी मुलाने शाळेत यावे की नाही, हे त्याच्या पालकांच्या इच्छेवर आणि मुख्याध्यापकांच्या औदार्यावर अवलंबून असे. पुढील काही वर्षांत राज्याराज्यांतून ही सक्ती लागू झाली. ही फार मोठी गोष्ट होती. शाळेचे दार उघडले होते.

दारातून आत गेलेल्या मुलाचे पुढे काय होणार, हा प्रश्न १९७१ च्या ठरावाने हाती घेतला. जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी ‘पूर्वतयारी वर्ग’ सुचविण्यात आले. तेथे मुलाने भाषा शिकावी आणि मग नेहमीच्या वर्गात जावे, अशी कल्पना होती. ती कागदावर निर्दोष होती. व्यवहारात मात्र अनेक पूर्वतयारी वर्ग एकाच राष्ट्राच्या मुलांचे बनले. त्यांत सात वर्षांचे मूल आणि बारा वर्षांचे मूल शेजारी बसे. आणि ज्या वर्गात जर्मन बोलणारा एकही सवंगडी नाही, त्या वर्गात जर्मन शिकण्याची अपेक्षा केली जाई. तात्पुरती सोय म्हणून काढलेल्या वर्गातून पुष्कळ मुले वर्षानुवर्षे बाहेर पडली नाहीत.

आणखी एक अडचण धोरणाच्या कागदांत फारशी दिसत नाही. पण शिक्षकांच्या आणि पालकांच्या ती चटकन लक्षात येईल. जर्मन शाळा अर्ध्या दिवसाची असे. दुपारी मूल घरी येई आणि उरलेला अभ्यास घरी होई. मूल दुपारी घरी येते तेव्हा आई घरी असते, तिला शाळेची भाषा येते आणि ती वही उघडून शेजारी बसू शकते, हे या व्यवस्थेने धरून ठेवले होते. पाहुण्या कामगाराच्या घरी आई अनेकदा स्वतःच कारखान्यात पाळीवर असे आणि घरी असली तरी वहीतील भाषा तिला वाचता येत नसे. शाळेने घरावर सोपविलेले निम्मे काम या घरांत होणे शक्यच नव्हते. आणि त्या न झालेल्या कामाची नोंद मात्र मुलाच्या गुणपत्रकावर होई.

याच्या जोडीला जर्मन शिक्षणपद्धतीची जुनी चाळणी होती. बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांची विभागणी होते. गिम्नाझियुममधून विद्यापीठाची वाट जाते, रेआलशूलेमधून मधल्या दर्जाच्या व्यवसायांची, आणि हाउप्टशूले ही उरलेल्यांची शाळा. दहा वर्षांच्या मुलाचे भवितव्य चौथीच्या शिक्षकाच्या शिफारशीवर ठरू लागले की, भाषा अर्धवट आलेल्या मुलाची मंदबुद्धी मुलाशी गल्लत होणे अगदी सोपे असते. परदेशी कामगारांची मुले फार मोठ्या प्रमाणात हाउप्टशूलेमध्ये आणि त्याहूनही खाली, अध्ययनात मागे पडलेल्यांच्या विशेष शाळांत जमा होत गेली.

भरती थांबली, मुले आली

१९७३ च्या तेलसंकटाच्या छायेत, २३ नोव्हेंबर रोजी पश्चिम जर्मनीने परदेशी कामगारांची भरती थांबविली. त्या वेळी तेथे सुमारे सव्वीस लाख परदेशी कामगार होते. भरती थांबली की संख्या आपोआप उतरेल, अशी अटकळ होती. घडले ते उलट. आता एकदा परत गेले तर पुन्हा येता येणार नाही, हे कामगारांना कळून चुकले. जे राहिले त्यांनी बायकामुलांना बोलावून घेतले. १९७५ च्या प्रारंभी मुलांसाठीच्या शासकीय भत्त्याचे नियम बदलले आणि जर्मनीत राहणाऱ्या मुलासाठी पूर्ण, तर मायदेशी ठेवलेल्या मुलासाठी कमी भत्ता मिळू लागला. आजीकडे ठेवलेली मुले आईबापांजवळ येण्यास आणखी एक कारण मिळाले. १९७० च्या सुमारास पश्चिम जर्मनीच्या शाळांत दीड लाखांवर परदेशी विद्यार्थी होते. दहा वर्षांनी ही संख्या सहा लाखांच्या पुढे गेली.

याच काळात एका नियमाने मोठ्या मुलांची कोंडी केली. ठरवून दिलेल्या तारखेनंतर देशात आलेल्या परदेशी युवकांना कामाचा परवाना मिळणार नव्हता. पंधरासोळा वर्षांचा मुलगा बापाकडे येई. शाळेच्या दृष्टीने त्याचे वय उलटून गेलेले आणि कायद्याच्या दृष्टीने त्याला कामाचा हक्क नाही, अशा अवस्थेत तो दिवस ढकलीत असे.

दुहेरी उद्दिष्ट

अशा परिस्थितीत ८ एप्रिल १९७६ रोजी शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने नवा ठराव केला. जर्मनीच्या स्थलांतरित शिक्षणाच्या इतिहासात त्याचे स्थान मध्यवर्ती आहे. परदेशी मुलांनी जर्मन भाषा शिकून येथील शालान्त प्रमाणपत्रे मिळवावीत, हे त्याचे एक उद्दिष्ट होते. त्यांची मातृभाषा आणि सांस्कृतिक ओळख टिकून राहावी, म्हणजे मायदेशी परतल्यावर त्यांना तेथे सामावून जाता येईल, हे दुसरे. वरवर पाहता यात वावगे काहीच नाही. उलट दोन भाषांचा मान राखणारा हा विचार उदारच वाटतो. त्यातील मेख उद्देशात होती. मुलाला मातृभाषा द्यावयाची ती त्याच्या बुद्धीची आणि मनाची गरज म्हणून नव्हे, तर परतीचे तिकीट म्हणून. जर्मन द्यावयाची तीही राहीपर्यंत अडचण नको म्हणून.

दोन टोकांच्या राज्यांनी या ठरावाचे दोन अर्थ लावले. बव्हेरियाने मातृभाषेच्या वर्गांवर भर दिला. तुर्की मुले तुर्की शिक्षकांकडून तुर्कीत सगळे विषय शिकत आणि जर्मन ही परकी भाषा म्हणून शिकत. पालकांना हे आवडेही. कारण मुलगा हातातून सुटत नाही, असे त्यांना वाटे. परंतु या वर्गांतून जर्मन शिक्षणप्रवाहात जाणारी वाट अरुंद होती. पश्चिम बर्लिनने याउलट मुलांना जर्मन वर्गांतच बसविण्याचे धोरण ठेवले; पण एका वर्गात परदेशी मुलांचे प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ नये, असाही नियम केला. क्रॉइत्सबेर्गसारख्या वस्त्यांत ही मर्यादा पहिल्याच महिन्यात ओलांडली जाई आणि मर्यादेबाहेरची मुले केवळ परदेशी मुलांच्या वेगळ्या वर्गांत जात. वेगळेपणा टाळण्यासाठी केलेल्या नियमातून वेगळे वर्गच उभे राहिले.

मातृभाषेचे तास कोणी घ्यावेत, यावरही एकमत नव्हते. काही राज्यांनी ते आपल्या शिक्षणखात्यामार्फत घेतले. काहींनी ते त्या त्या देशाच्या वकिलातीवर सोपविले. वकिलातीचा शिक्षक काही वर्षांसाठी येई. त्याला जर्मन क्वचितच येत असे आणि शाळेच्या शिक्षककक्षात तोही एक पाहुणाच असे. त्याच्या हातातील पुस्तके मायदेशातील मुलांसाठी लिहिलेली असत; त्यांतील नद्या, सण आणि राष्ट्रपुरुष खरे, पण त्या मुलाची रोजची वाट कोळशाच्या खाणीवरून आणि पोलाद-कारखान्यावरून जाणारी. तास दुपारी, जर्मन सवंगडी खेळायला गेल्यावर. या तासांचे गुण बहुधा पुढच्या वाटचालीत धरले जात नसत. ज्या विषयाला शाळा स्वतःच दुपारची उरलेली वेळ देते, त्याची किंमत मुलांना बरोबर कळते.

२५ जुलै १९७७ रोजी युरोपीय आर्थिक समुदायानेही स्थलांतरित कामगारांच्या मुलांच्या शिक्षणाविषयी निर्देश काढला. यजमान देशाची भाषा विनामूल्य शिकवावी आणि मातृभाषेच्या व मूळ संस्कृतीच्या अध्यापनास चालना द्यावी, असे त्यात होते. आणि येथेही मातृभाषेचे प्रमुख प्रयोजन मायदेशी पुन्हा सामावून जाणे हेच सांगितले होते. शिवाय हा निर्देश समुदायाच्या सदस्य देशांच्या नागरिकांपुरता होता. पश्चिम जर्मनीत इटालियन मुलांना तो लागू झाला. संख्येने सर्वांत मोठ्या असलेल्या तुर्की मुलांना मात्र त्याचे बंधनकारक संरक्षण मिळाले नाही.

दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, अशी आपल्याकडे म्हण आहे. तो उपाशी राहतो, कारण प्रत्येक घराला वाटते की तो दुसरीकडे जेवून आला असेल. जर्मन शाळेला वाटे, या मुलाचे भवितव्य तुर्कस्तानात आहे. तुर्की शिक्षकाला वाटे, गणित आणि विज्ञान जर्मन शाळा बघून घेईल. मूल मात्र दोन्हीकडून अर्धपोटी उठे. दोन भाषा डोक्यात आहेत म्हणून ते मागे पडते, असे निदान त्या काळी सर्रास केले जाई. खरे तर त्याला दोहोंपैकी एकही भाषा पुरेशी वाढली गेली नव्हती.

स्पॅनिश पालकांचा धडा

या काळात एका समाजाने वेगळी वाट धरली. स्पेनमधून आलेले कामगार शिक्षणाने किंवा पैशाने इतरांहून फार पुढे नव्हते. त्यांतील अनेक जण गरीब ग्रामीण भागांतून आलेले होते. परंतु त्यांनी गावोगावी पालकसंघ स्थापन केले आणि १९७३ मध्ये या संघांचा देशव्यापी महासंघ उभा राहिला. कॅथलिक धर्मसंस्थेच्या स्पॅनिश केंद्रांचे त्यांना पाठबळ होते. या पालकांनी आपली भूमिका स्पष्ट ठेवली. आमच्या मुलांसाठी वेगळे राष्ट्रीय वर्ग नकोत. ती पहिल्या दिवसापासून जर्मन मुलांशेजारी बसतील. स्पॅनिश भाषा मात्र सुटणार नाही. ती जोडीने, दुपारी, आमच्या देखरेखीखाली शिकविली जाईल. पालकांसाठीही संध्याकाळचे वर्ग निघाले. जर्मन शाळेची पद्धत कशी चालते, चौथीच्या शिफारशीचा अर्थ काय, शिक्षकाला भेटून काय विचारावयाचे, हे आईबापांनी शिकून घेतले.

पुढील दशकांत स्पॅनिश मुलांची शालेय कामगिरी जर्मन मुलांच्या जवळ पोहोचली आणि इतर स्थलांतरित समाजांहून ठळकपणे वर राहिली. तुलनेसाठी इटालियन मुलांचे उदाहरण देता येईल. युरोपीय समुदायाचे नागरिक म्हणून इटालियन कामगारांना येण्याजाण्याची सर्वाधिक मोकळीक होती आणि १९७७ च्या निर्देशाचे संरक्षणही होते; तरी त्यांची मुले विशेष शाळांत फार मोठ्या प्रमाणात आणि गिम्नाझियुममध्ये फार थोड्या प्रमाणात आढळत. सतत दोन देशांत ये-जा करणाऱ्या कुटुंबांत मुलाची शाळा वर्षाच्या मध्येच सुटे, हे त्यामागील एक कारण सांगितले जाते. स्पॅनिश यशामागेही एकच कारण नसेल. समाज लहान होता आणि अनेक कुटुंबे पुढे मायदेशी परतली. तरीही, अधिकारांपेक्षा संघटित आणि जागरूक पालक अधिक उपयोगी पडले, हा या तुलनेचा अर्थ नजरेआड करता येत नाही. ‘जर्मन की स्पॅनिश’ हा प्रश्न या पालकांनी शासनाला विचारूच दिला नाही.

सत्याचा स्वीकार

शासनाच्या बाजूने सत्य पहिल्यांदा स्पष्टपणे मांडले ते हाइन्त्स क्यून यांनी. नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालन या औद्योगिक राज्याचे मुख्यमंत्रिपद बारा वर्षे सांभाळलेले क्यून १९७८ मध्ये परदेशी नागरिकांविषयीचे पहिले केंद्रीय आयुक्त झाले. सप्टेंबर १९७९ मध्ये सादर केलेल्या आपल्या निवेदनात त्यांनी सांगितले की, हे लोक येथे राहण्यासाठी आले आहेत आणि माघारीचा मार्ग बहुतेकांसाठी उरलेला नाही. मुलांना वेगळे ठेवणारी राष्ट्रीय वर्गांसारखी व्यवस्था बंद करावी, बालवाडीपासून सामावून घ्यावे आणि येथे जन्मलेल्या युवकांना नागरिकत्वाचा हक्क द्यावा, अशा त्यांच्या शिफारशी होत्या. आज गुंतवणूक केली नाही तर पुढे शिक्षकांऐवजी पोलीस वाढवावे लागतील, अशा अर्थाचा इशाराही त्यांनी दिला होता. त्यांच्या बहुतेक सूचना त्या वेळी बाजूला पडल्या.

उलट वारा दुसऱ्याच दिशेने वाहू लागला. नोव्हेंबर १९८३ च्या कायद्याने मायदेशी कायमचे परतणाऱ्या कामगाराला साडेदहा हजार मार्क आणि प्रत्येक मुलामागे दीड हजार मार्क देऊ केले. हजारो कुटुंबे ते पैसे घेऊन परतली. तुर्कस्तानात या मुलांना ‘अल्मानजी’, म्हणजे ‘जर्मनीवाले’, असे नाव पडले. त्यांचे तुर्की ऐकून वर्गमित्र हसत. तेथील शाळेची शिस्त, पाठांतर आणि गणवेश त्यांना परके वाटत. शेवटी त्यांच्यासाठी तेथे जर्मन जाणणारे शिक्षक आणि जर्मन माध्यमाचे वर्ग यांची सोय करावी लागली. ज्या परतीसाठी वर्षानुवर्षे मातृभाषेचे तास ठेवले होते, ती परती झाली तेव्हा त्या तासांची शिदोरी पुरली नाही.

याच सुमारास उत्तरेकडे स्वीडनने मातृभाषेचा विचार वेगळ्या पायावर मांडला होता. तेथे फिनलंडमधून आलेल्या कामगारांची संख्या मोठी होती. १९७७ च्या सुधारणेने स्थलांतरितांच्या मुलांना घरच्या भाषेचे शिक्षण देण्याची जबाबदारी स्थानिक शासनावर टाकली. ती भाषा घ्यावी की नाही, ही निवड कुटुंबाची होती. परत जाणार का, हा प्रश्न कोणी विचारीत नव्हते. याच काळात भाषाशास्त्रज्ञांनीही दाखवून दिले की, पहिल्या भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेत उतरते. पाया पक्का असेल तर त्यावर दुसरा मजला चढतो.

जर्मनीतही पुढे बदल घडत गेले. १९८० पासून रुहर खोऱ्यातील एसेनसारख्या शहरांत परदेशी मुलांच्या साहाय्यासाठी केंद्रे निघाली. त्यांनी पुढे नेदरलँड्समधून आणलेला ‘रुकझाक’ म्हणजे ‘पाठपिशवी’ नावाचा उपक्रम विशेष उल्लेखनीय आहे. बालवाडीत मूल जर्मनमध्ये जो विषय शिकते, तोच विषय आई घरी आपल्या भाषेत त्याच्याशी बोलते. आणि या आया दर आठवड्याला एकत्र जमून त्याची तयारी करतात. ज्या आईला जर्मन येत नाही म्हणून शाळेने कधी काळी निकामी ठरविले होते, ती आता शाळेची भागीदार झाली. १९९२ मध्ये बर्लिनने दोन भाषांतून समान शिकविणाऱ्या ‘युरोपा’ शाळा काढल्या. पुढे त्यांत क्रॉइत्सबेर्गमधील जर्मन-तुर्की प्राथमिक शाळाही आली आणि तिला अझीझ नेसिन या तुर्की लेखकाचे नाव देण्यात आले. जी भाषा एकेकाळी अडसर मानली गेली, तीच त्या वस्तीत आता जर्मनच्या बरोबरीने फळ्यावर लिहिली जाते. १९९६ मध्ये शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने आंतरसांस्कृतिक शिक्षण हे सर्वच मुलांसाठी आवश्यक मानले.

सर्वांत मोठा धक्का डिसेंबर २००१ मध्ये बसला. ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि कुटुंबाची सामाजिक स्थिती व मुलाची वाचनक्षमता यांचे नाते जर्मनीत इतर प्रगत देशांच्या मानाने फारच घट्ट असल्याचे उघड झाले. जर्मन समाज या निकालाने अक्षरशः हादरला. बालवाड्या, शाळापूर्व भाषाचाचण्या आणि दिवसभराच्या शाळा यांच्या वाढीला त्यानंतर वेग आला. त्याआधीच, १ जानेवारी २००० पासून, दीर्घकाळ कायदेशीर वास्तव्य असलेल्या परदेशी पालकांच्या जर्मनीत जन्मलेल्या मुलांना जन्मतः नागरिकत्व देणारा कायदा लागू झाला होता. क्यून यांच्या शिफारशीनंतर दोन दशकांनी मुले कागदोपत्री पाहुणी राहिली नाहीत.

एका शिफारशीची किंमत

धोरणांच्या चर्चेत मूल हरवून जाते, म्हणून एका मुलाची गोष्ट. तुर्कस्तानातील इस्केंदेरून येथे १९६५ मध्ये जन्मलेला उगुर शाहिन चार वर्षांचा असताना कोलोनला आला. त्याचे वडील तेथील फोर्डच्या मोटार-कारखान्यात कामाला होते. चौथीनंतर त्याच्या शिक्षकांनी त्याला हाउप्टशूलेमध्ये पाठविण्याची शिफारस केली आणि एका जर्मन शेजाऱ्याने मध्ये पडून त्याला गिम्नाझियुममध्ये प्रवेश मिळवून दिला, असे त्याच्याविषयी प्रसिद्ध झाले आहे. पुढे तो डॉक्टर झाला, संशोधक झाला आणि पत्नी ओझलेम त्युरेजी यांच्यासह त्याने जी संस्था स्थापन केली, तिच्या कोविड-प्रतिबंधक लसीने जगभर असंख्य प्राण वाचविले. ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते आणि ती सांगावीच. परंतु तिच्यातील खरा प्रश्न शाहिनविषयी नाही. ज्यांच्या शेजारी असा शेजारी नव्हता, त्या मुलांविषयी आहे. शेजाऱ्याने ऐनवेळी केलेली मदत ही शाळेची व्यवस्था असू शकत नाही.

परभाषिक प्रदेशातील मराठी शाळा

भारतातील परिस्थिती एका मूलभूत बाबतीत निराळी आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेला माणूस पाहुणा नसतो. तो नागरिकच असतो. १९५६ मध्ये, राज्यपुनर्रचनेच्या वेळी, घटनेत ३५० अ हा अनुच्छेद आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे तो सांगतो. ‘परत जाता यावे म्हणून’ असे शब्द त्यात नाहीत. मूल जेथे आहे तेथेच, त्याच्या स्वतःच्या वाढीसाठी, मातृभाषा हवी, असा हा विचार आहे. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळांचा नैतिक पाया हाच.

तरीही जर्मनीतील त्या साठ वर्षांकडे पाहताना मराठी समाजाने स्वतःलाही काही प्रश्न विचारावेत. मराठी शाळा ही आठवणींचे घर म्हणून चालवावयाची, की मुलाचा पाया म्हणून? पाया म्हणून चालवावयाची असेल, तर प्रदेशाची भाषा, हिंदी आणि इंग्रजी यांच्याकडे प्रतिस्पर्धी म्हणून पाहून चालणार नाही. त्याही तितक्याच कसून शिकवाव्या लागतील. आणि जे पालक मराठी माध्यम सोडून मुलांना अन्य माध्यमात घालतात, त्यांनीही हे ध्यानात ठेवावे की, घरात मराठी बोलणे बंद केल्याने मुलाची इंग्रजी सुधारत नाही. मुलाशी बोलण्याचा आपला एक दरवाजा तेवढा बंद होतो. ऊसतोडणीच्या हंगामात आईबापांबरोबर फडावर जाणाऱ्या, कधी राज्याची सीमाही ओलांडणाऱ्या मराठी मुलांचा प्रश्न तर याहून बिकट आहे. त्यांच्यासाठी निघालेल्या साखरशाळा ही त्याच प्रश्नाची आपल्या घरातील बाजू आहे.

या कथेचे चक्र आता एका अर्थी मराठी माणसापर्यंत आले आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याला कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. पुन्हा करार आहे, पुन्हा कामगार आहेत आणि आज ना उद्या त्यांच्या पाठोपाठ मुलेही जातील. रोद्रिगेसच्या पिढीला जे कोणी सांगितले नाही, ते या पालकांना आधीच ठाऊक असावे : तेथील शाळेत मुलाला पहिल्या दिवसापासून जर्मन मुलांशेजारी बसवावे, चौथीच्या शिफारशीचा अर्थ समजून घ्यावा, इतर पालकांना धरून राहावे आणि घरी मराठी बोलावे, वाचावे, लिहावे. तसे झाले तर ते मूल दोन्ही घरी जेवून तृप्त होईल आणि त्याला कोणत्याच घरी पाहुणा म्हणून राहावे लागणार नाही.